सर्व शैली, सर्व वयोगट, एकच रंगमंच: खुल्या नृत्य स्पर्धेचा निकाल कसा लावावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात सार्वजनिक मंडळ नवरात्रात नृत्य स्पर्धा घेतं. आजवर ती फक्त शाळांच्या समूहनृत्यापुरती होती. यंदा सगळ्यांना दार उघडायचं ठरलंय: कथक-भरतनाट्यम शिकणाऱ्या मुली, वाड्यांवरची जाखडीची (कोकणातल्या गोलात नाचायच्या लोकनृत्याची) मंडळं, महिला मंडळांची मंगळागौर, कॉलेजची हिप-हॉप करणारी पोरं, साठीपुढचे हौशी. गट किती पाडायचे, परीक्षक कुठून आणायचे, कथक आणि हिप-हॉप यांना एकाच मापाने कसं मोजायचं, आणि प्रायोजकाला हवा असलेला एकच ‘महाविजेता’ कसा काढायचा, असं विचारलंय. गेल्या वर्षी निकालानंतर झालेली बाचाबाची यंदा टाळायची आहे, हेही लिहिलंय.

मी कथक शिकवते आणि अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून बरीच वर्षं जाते आहे, म्हणून आधी शेवटच्या मुद्द्यावर येते. निकालाची भांडणं परीक्षकांच्या टेबलावर क्वचितच जन्माला येतात. ती प्रवेशिका छापली जाते तेव्हाच ठरलेली असतात. ‘सर्व प्रकारच्या नृत्यांना प्रवेश, वेळ ४ मिनिटं, परीक्षकांचा निर्णय अंतिम’ एवढ्या तीन ओळींची प्रवेशिका काढलीत, तर दिल्लीहून परीक्षक आणलेत तरी मांडवात आवाज चढणारच.

‘४ मिनिटं’ याचंच उदाहरण घ्या. हिप-हॉपवाल्याला चार मिनिटं पुष्कळ होतात, तो तीनमध्येच दमतो. भरतनाट्यमचा अलारिप्पू चार-पाच मिनिटांत नीट बसतो. पण वर्णम् अर्ध्या तासाचं, त्याचा तुकडा तोडून दाखवायचा तर कुठून तोडणार? कथकमध्ये चार मिनिटांत ठाट, आमद, दोन तोडे, एक चक्रदार एवढं घाईघाईत होतं, विलंबित लय शिकवायला जी वर्षं घातली ती दिसायलाही वेळ नसतो. आणि जाखडी? मध्यभागी ढोलकी आणि गाणारे बसणार, गण होणार, गवळण होणार, नाचणारे सावकाश गोल धरणार, मग लय चढत जाणार. एका स्पर्धेत मी हे समोरून पाहिलंय. चौथ्या मिनिटाला निवेदकाने घंटा वाजवली तेव्हा पोरं नुकती रंगात येत होती. पायातल्या चाळांचा आवाज पहिल्यांदा एकत्र पडू लागला होता. ढोलकीवाल्याने हात थांबवला नाही, निवेदकाने दुसरी घंटा दिली, साउंडवाल्याने माइक बंद केला. त्या मंडळाला वेळ ओलांडल्याबद्दल गुण कापले गेले आणि त्यानंतर जे व्हायचं ते झालं. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं, फक्त नियमच त्या नाचासाठी केलेला नव्हता.

विद्यापीठांचे युवा महोत्सव या बाबतीत शहाणे आहेत. तिथे लोकनृत्याला साधारण दहा मिनिटांपर्यंत वेळ मिळतो, शास्त्रीय एकल नृत्याला पंधरा मिनिटांपर्यंत, आणि ते दोन स्वतंत्र कलाप्रकार असतात, त्यांची एकमेकांशी गाठ पडतच नाही. गोव्यात शिमगोत्सवाच्या मिरवणुकांत रोमटामेळ, लोकनृत्य आणि चित्ररथ यांची बक्षिसं वेगवेगळी असतात. ढोल-ताशांच्या गजरात निघालेल्या रोमटामेळाला रोषणाईच्या चित्ररथाबरोबर एका यादीत बसवावं असं तिथे कुणाच्या मनातही येत नाही. तुमच्याकडे पैसा आणि दिवस कमी आहेत, तेव्हा इतके विभाग जमणार नाहीत हे मान्य. पण तीन तरी कराच: शास्त्रीय, लोकनृत्य, आणि तिसरा खुला, ज्यात सिनेमातली गाणी, पाश्चात्त्य, फ्यूजन, सेमी-क्लासिकल सगळं येईल. वेळ अनुक्रमे सहा, आठ आणि चार मिनिटं. लोकनृत्यात गाणारे-वाजवणारे सोबत असतील तर रंगमंचावर बसायला दोन मिनिटं जास्तीची, ती मोजू नका.

आता तुम्ही म्हणाल, सीमारेषेवरच्या प्रवेशिकांचं काय? घुंगरू बांधून सिनेमाच्या गाण्यावर केलेलं कथक शास्त्रीय की खुलं? यावर वाद घालत बसू नका. प्रवेशिकेत एक रकाना ठेवा: ‘आमचा नाच कोणता आहे आणि त्यात आम्ही काय दाखवणार आहोत, दोन वाक्यांत लिहा.’ विभाग स्पर्धकाने स्वतः निवडायचा. परीक्षकाला ती दोन वाक्यं सादरीकरणाआधी वाचायला द्यायची. मग परीक्षकाचं काम सोपं होतं. या मुलीने ‘शास्त्रीय’ म्हटलंय, तर हस्त, पाय, अंग, लय हे त्या शैलीच्या रीतीने तपासायचं. तिने ‘खुला’ म्हटलंय, तर तेच कथक वेगळ्या नजरेने, रचना म्हणून बघायचं. माझ्या मते खुल्या स्पर्धेत न्याय करायचा हा एकच मार्ग आहे: जो जे करतो म्हणाला, ते त्याला किती साधलं एवढंच बघायचं. कथक मोठं की हिप-हॉप, हे ठरवायला कुणी तुम्हाला सांगितलेलं नाही.

म्हणूनच महाविजेता नको. प्रायोजकाला फिरता चषक द्यायचाच असेल तर तो व्यक्तीला किंवा एका नाचाला देऊ नका. ज्या शाळेच्या, वाडीच्या किंवा क्लासच्या स्पर्धकांनी सगळ्या विभागांत मिळून जास्त क्रमांक आणले त्यांना द्या. प्रायोजकाचा फोटो येतो, आणि पुढच्या वर्षी ती वाडी आणखी दोन गट पाठवते. मोबाइलवरून प्रेक्षकांचा कौल घेण्याच्या फंदात तर पडूच नका, त्यात नाच कळत नाही, कुणाची भावकी मोठी एवढंच कळतं.

वयोगटांबद्दल लोक फार बारीक विभागणी करतात आणि मग एकेका गटात दोन-तीन स्पर्धक उरतात. तीनांपैकी तिघांना बक्षीस मिळालं की त्या बक्षिसाला कुणी विचारत नाही. सात वर्षांपर्यंतच्या मुलांना क्रमांक लावूच नये या मताची मी आहे. त्यांना नाचू द्या, सगळ्यांना पदक द्या, विंगेतून बाई हातवारे करून दाखवत असतील तर करू द्या. आठ ते तेरा, चौदा ते अठरा, एकोणीसच्या पुढे खुला, आणि पंचावन्नच्या पुढे ज्येष्ठ, एवढं एकल नृत्याला पुरे. वय कोणत्या तारखेला मोजायचं ते छापा, जन्मदाखला किंवा शाळेचा बोनाफाइड नोंदणीच्या टेबलावर बघा आणि लगेच परत द्या. शंभर मुलांच्या आधारच्या झेरॉक्स मंडळाच्या कपाटात पडून राहायचं काहीच कारण नाही.

समूहनृत्याला वयोगट लावताना घोळ होतो. सहावीच्या आठ मुली आणि पुढच्या रांगेत दहावीच्या दोन, असा गट ‘लहान गटात’ येतो आणि दहावीच्या मुलीच सगळा नाच खेचून नेतात. सरळ नियम करा: गटातल्या सर्वांत मोठ्या सदस्याच्या वयावर गट ठरेल. आणि एक वेगळा गट जरूर ठेवा, ज्यात किमान दोन पिढ्या एकत्र नाचतील. सासू-सून, आजी-नात, बाप-लेक, काहीही. मंगळागौरीचे खेळ या गटात आपोआप येतात, कारण ते मुळातच सगळ्या वयांचे आहेत. पिंगा, झिम्मा, बसफुगडी, किकीचं पान, नाच गो घुमा. यात सत्तरीच्या आजी लाट्यांसारखा अवघड खेळ करणार नाहीत, पण ‘अळुंकी साळुंकी’ म्हणताना आवाज त्यांचाच लागतो. अशा गटात सफाईचे गुण कमी ठेवा. शाळेच्या कवायतीसारख्या एकसारख्या झालेल्या मंगळागौरी मी खूप पाहिल्या, त्यांत खेळ कुठेच नव्हता.

लहान मुलांच्या गाण्यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मी सांगतेच. माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०१९ च्या जूनमध्ये दूरचित्रवाणी वाहिन्यांना सूचना काढली होती, की नृत्याच्या रिॲलिटी शोमध्ये मुलांना मोठ्यांच्या सिनेमातले अश्लील वळणाचे हावभाव करायला लावू नका. ती सूचना वाहिन्यांना होती, तुमच्या मंडळावर बंधनकारक नाही. पण मांडवात नऊ वर्षांच्या मुलीला डोळा मारायला शिकवून उभी केलेली मी पाहिली आहे आणि तिची आई टाळ्या वाजवत होती. तेव्हा गाणी आधी मागवा, दोघातिघांनी बसून ऐका, नको ती तेव्हाच परत करा. मात्र यावर उपाय म्हणून ‘लावणीला बंदी’ असं फलकावर लिहू नका. तो लावणीचा अपमान आहे आणि त्यावर जगणाऱ्या बायकांचाही. तमाशात गण, गवळण, बतावणी, लावणी, वग असा क्रम असतो. लहान मुलींना गवळण द्या, ढोलकीवरचा ताल तोच आहे आणि गवळणीतल्या विनोदी मावशीचं काम एखाद्या पोराने केलं तर मांडव डोक्यावर घेतील. मोठ्यांच्या गटात लावणी येईल तेव्हा परीक्षकांना एवढं आठवण करून द्या, की बैठकीची लावणी ही बसून, चेहऱ्याने आणि हाताने करायची गोष्ट आहे. फडाच्या लावणीच्या जोरकस पायाशी तिची तुलना करून ‘ऊर्जा कमी’ असा शेरा मारणाऱ्याला लावणीच ठाऊक नसते.

हाच घोटाळा गोलातल्या नाचांचा होतो. जाखडी गोलात असते, गरबा गोलात असतो. डहाणू-जव्हारकडचा तारपा तर असा, की वाळलेल्या भोपळ्याचं ते वाद्य वाजवणारा मध्ये आणि बाकीचे हातात हात गुंफून त्याच्याभोवती. हे नाच प्रेक्षकाकडे तोंड करून करायचे नाहीतच. पण गुणपत्रिकेत ‘प्रेक्षकांशी संवाद - १० गुण’ असा रकाना असतो, परीक्षक समोर बसलेला असतो, त्याला अर्धा वेळ पाठी दिसतात, आणि तो १० पैकी ४ देतो. पुढच्या वर्षी ते मंडळ शहाणं होऊन एका ओळीत, दात काढून, प्रेक्षकांकडे बघत जाखडी करतं. स्पर्धा नाच कसा बिघडवते ते असं. लोकनृत्यासाठी तो रकाना काढून टाका. त्याऐवजी गाणारे आणि नाचणारे एकमेकांना किती ऐकतात याला गुण ठेवा. शिवाय जागा असेल तर लोकनृत्यं रंगमंचावर न घेता मांडवाच्या मधल्या मोकळ्या जागेत घ्या, लोक चहूबाजूंनी बसतील आणि परीक्षकांनाही तीन बाजूंना बसवता येईल.

गुणपत्रिकेचं बोलतोय तर वेशभूषेवरही बोलून टाकते. पन्नासपैकी दहा गुण वेशभूषेला, हा प्रकार अजून चालतो. ते गुण भाड्याने कपडे देणाऱ्या दुकानदाराला मिळतात. ज्यांच्याकडे माणशी हजार रुपये होते त्यांनी जरीचे घागरे आणले, ज्यांच्याकडे नव्हते त्या मुली घरच्या नऊवारीत आल्या. वेशभूषेला फार तर तीन गुण, तेही ‘नाचाला साजेशी आणि नाचताना अडथळा न करणारी’ एवढ्याच अर्थाने. बाकीचे लय-ताल, तंत्र, भाव आणि रचना यांत वाटा, आणि विभागाप्रमाणे वजन बदला: शास्त्रीयात तंत्राला जास्त, खुल्यात रचनेला जास्त.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग (म्हणजे ब्रेकडान्स) आलं तेव्हाही हाच पेच होता. तिथे तंत्र, हालचालींचा साठा, सफाई, संगीताची जाण आणि नवेपणा असे पाच निकष, प्रत्येकाला २० टक्के, आणि नऊ परीक्षक. पण त्यांनी केलेली खरी हुशारीची गोष्ट अशी, की परीक्षक समोरच्या दोन नर्तकांची एकमेकांशी तुलना करायचे. माणसाला ‘हा नाच शंभरपैकी किती’ हे नीट सांगता येत नाही, ‘या दोनांत कोण सरस’ हे बरंच नीट सांगता येतं.

यावरून मूळ गणितावर येते, कारण गेल्या वर्षीचं तुमचं भांडण बहुधा इथे झालं असावं. बहुतेक मंडळं तीन परीक्षकांचे गुण सरळ बेरजेने घेतात. समजा ‘अ’ गटाला पहिल्या परीक्षकाने ८२, दुसऱ्याने ८१ आणि तिसऱ्याने ६० दिले. ‘ब’ गटाला अनुक्रमे ८०, ७९ आणि ९०. बेरीज केली तर ‘अ’ २२३, ‘ब’ २४९; ‘ब’ दणक्यात पहिला. पण दोन परीक्षकांच्या मते ‘अ’ सरस होता! ज्याने गुण ताणून दिले त्या एकट्याने निकाल फिरवला. यात त्याची लबाडी असेलच असं नाही, काहींचा हातच मोकळा असतो, साठपासून नव्वदपर्यंत फिरतो. काहीजण पंचाहत्तर ते ब्याऐंशीच्या बाहेर जात नाहीत. बेरजेत मोकळ्या हाताचा परीक्षक एकटाच राज्य करतो.

उपाय जुना आहे. प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून त्याचे क्रमांक काढा आणि क्रमांकांची बेरीज करा. वरच्या उदाहरणात ‘अ’चे क्रमांक १, १, २, बेरीज ४, ‘ब’चे २, २, १, बेरीज ५. कमी बेरीज पुढे, म्हणजे ‘अ’ पहिला. बॉलरूम नृत्याच्या जगात क्रमांकांवर आणि बहुमतावर चालणारी पद्धत फार पूर्वीपासून वापरात आहे, तिला गंमत म्हणजे ‘स्केटिंग सिस्टीम’ म्हणतात. ती पूर्ण पद्धत किचकट आहे, तुम्हाला तेवढी गरज नाही. बरोबरी झाली तर ज्याला जास्त परीक्षकांनी वर ठेवलं तो पुढे. तरीही बरोबरी राहिली तर बक्षीस विभागून द्या. नाणं उडवू नका. पाच परीक्षक परवडत असतील तर सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा क्रमांक सोडून द्यायचीही सोय होते. हे सगळं प्रवेशिकेच्या मागच्या बाजूला उदाहरणासकट छापा. पालकांना गणित कळतं. फक्त ते त्यांच्यापासून लपवलंय असं वाटता कामा नये.

सर्वांत आधी रंगमंचावर येणाऱ्या स्पर्धकाचं नेहमी नुकसान होतं. परीक्षक हात राखून असतात, ‘पुढे कोण येतंय बघू’ म्हणून पंचाहत्तरवर थांबतात. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवला म्हणजे अन्याय नाहीसा होत नाही, तो कुणाच्या वाट्याला यावा एवढंच नशिबावर सोपवलं जातं. त्यासाठी प्रत्येक विभागाच्या सुरुवातीला स्पर्धेबाहेरचा एक नाच घ्या, गेल्या वर्षीचे विजेते किंवा एखाद्या क्लासच्या मोठ्या मुली. परीक्षकांनी त्यालाही गुण द्यायचे, ते कुठे धरायचे नाहीत, पण त्यांचा हात बसतो. आणि पहिल्या तीन स्पर्धकांचे गुण पेन्सिलने लिहू द्या.

परीक्षक कोण? नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात परीक्षकांना ‘प्राश्निक’ म्हटलंय आणि दहा प्रकारचे सांगितलेत: यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, वैयाकरण, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक-वादक आणि राजसेवक. ज्याने त्याने आपापल्या विषयापुरतं बोलायचं. धनुष्य धरण्याची ऐट धनुर्धराने तपासायची, शृंगाराचे उपचार गणिकेने. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना जे कळलं होतं ते आपल्याला अजून पटत नाही, आपण टीव्हीवर चमकलेला एक चेहरा आणतो आणि तारपापासून भरतनाट्यमच्या तिल्लानापर्यंत सगळं त्याच्यापुढे टाकतो. तुम्ही तीन परीक्षक आणा: एक शास्त्रीय नृत्याची गुरू, एक लोककलेतला जाणता (पदवी नसलेला जाखडीचा जुना शाहीर चालेल, उलट तोच बरा), आणि एक आजच्या पाश्चात्त्य शैली शिकवणारा तरुण किंवा तरुणी. तिघांनीही सगळे विभाग बघायचे, पण आपल्या विषयाचा विभाग सुरू होण्याआधी त्या जाणत्याने बाकीच्या दोघांना दहा मिनिटं सांगायचं, की यात काय बघतात. ही दहा मिनिटं वेळापत्रकात लिहून ठेवा, नाहीतर ती पाहुण्यांच्या सत्काराने खाऊन टाकली जातात.

तालुक्याच्या ठिकाणी अडचण अशी, की प्रत्येक शिक्षकाचा कुणी ना कुणी विद्यार्थी स्पर्धेत असतोच. म्हणून परीक्षक शेजारच्या जिल्ह्यातले बोलवा. येण्याजाण्याचा खर्च आणि मानधन आधी सांगा, पाकीट शेवटी चाचपडत देऊ नका. तरीही कुणाचं नातं निघालं तर त्याने त्या विभागापुरतं उठायचं आणि उरलेल्या दोघांचे क्रमांक धरायचे. परीक्षकांना अगदी पहिल्या रांगेत, रंगमंचाला नाक लावून बसवू नका. तिथून पाय दिसत नाहीत आणि समूहाची रचना तर अजिबात दिसत नाही. पंधरा-वीस फूट मागे, थोडं उंचावर, स्पीकरच्या तोंडापासून दूर, टेबलावर छोटा दिवा. शेजारी आमदारांची खुर्ची नको.

रंगमंचाचं काम डेकोरेटरवर सोडून मोकळे होऊ नका, अर्धा नाच तिथे बिघडतो. डेकोरेटर लोखंडी सांगाड्यावर फळ्या टाकतो आणि वर हिरवं किंवा लाल कार्पेट अंथरतो, कारण फोटोत ते बरं दिसतं. त्या कार्पेटवर तत्कार (कथकचं पायाचं काम) केला तर आवाज मेलेला येतो, फुगडी घातली की कार्पेट पायाखाली गोळा होतं, आणि ब्रेकिंग करणाऱ्या पोराची कोपरं सोलून निघतात. कार्पेट काढायला लावा. फळ्यांवर जाड प्लायवूड स्क्रूने घट्ट बसवून सांध्यांवर टेप मारून घ्या. आदल्या संध्याकाळी कुणालातरी अनवाणी सगळ्या रंगमंचावर पाय घासत फिरवा, वर आलेला खिळा तेव्हाच सापडतो. म्हणीतलं वाकडं अंगण मी खरोखर पाहिलंय, एका बाजूला दोन इंच उतार होता आणि गिरक्या घेणाऱ्या सगळ्या मुली डावीकडे सरकत होत्या. दहा जणांच्या लोकनृत्याला तीस फूट रुंदी आणि चोवीस फूट खोली लागते. नवरात्रात कोकणात परतीचा पाऊस हमखास गाठतो, तेव्हा रंगमंचावर पक्कं छप्पर हवंच. ओल्या प्लायवर अनवाणी मूल चढवायचं नाही, थांबायचं.

ध्वनियोजनेत दोन गोष्टी विसरल्या जातात. घुंगरांचा आवाज मांडवात पोचायला रंगमंचाच्या पुढच्या कडेला, जमिनीलगत माइक लागतो. आणि कथकवाल्या मुलीला बोलांची पढंत करायला (ते तोंडाने म्हणायला) स्टँडवरचा माइक लागतो, तो तिने मागितल्यावर शोधायचा नसतो. गाण्यांच्या फाइली तीन दिवस आधी मागवा, मूळ फाइलच मागवा, चार ठिकाणांहून फॉरवर्ड होऊन आलेली नको. फाइलचं नाव म्हणजे प्रवेश क्रमांक. आयत्या वेळी आलेले पेन ड्राइव्ह घेणार नाही असं छापा, आणि मग खरंच घेऊ नका.

वेळापत्रकाचा हिशेब मात्र लोक हमखास चुकवतात. चार मिनिटांच्या नाचाला प्रत्यक्षात साडेसहा मिनिटं जातात: निवेदन, येणं, जागा घेणं, उतरणं, परीक्षकांचं लिहिणं. साठ प्रवेशिका म्हणजे साडेसहा तास. संध्याकाळी चारला सुरू केलंत आणि उद्घाटनाचं एकही भाषण झालं नाही तरी साडेदहा वाजतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. सण-उत्सवासाठी राज्य सरकार वर्षाकाठी जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, तुमच्या जिल्ह्यात ते दिवस कोणते हे जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशात असतं. तो आदेश बघून तारीख ठरवा. आणि सूट मिळाली तरी लहान मुलांचा गट रात्री अकराला घेऊ नका. एका दिवसात पंचेचाळीसच्या वर प्रवेशिका नकोत, लोकनृत्याचे वेळ खाणारे गट असतील तर त्याहूनही कमी. जास्त आल्या तर दोन संध्याकाळी करा: पहिल्या दिवशी मुलं आणि शास्त्रीय, दुसऱ्या दिवशी लोकनृत्य, पिढ्यांचा गट आणि खुला. ज्येष्ठांना कधीही शेवटी ठेवू नका, आणि त्यांना चढायला कठड्याची पायरी द्या.

ज्यांना ऐकू येत नाही किंवा चाकाच्या खुर्चीवर बसून नाचायचं आहे असे स्पर्धक आले तर वेगळ्या गटात टाकण्याआधी त्यांना विचारा. बहुतेकांना बाकीच्यांबरोबरच नाचायचं असतं. कर्णबधिर मुलांसाठी बेसचा स्पीकर रंगमंचाच्या फळीला टेकवून ठेवा, ताल पायातून कळतो. आणि उतार म्हणून टाकलेली फळी उतार नसते, एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते.

गाण्यांच्या हक्कांबद्दलही विचारणा होते. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थांच्या आणि विनामूल्य हौशी कार्यक्रमांच्या बाजूने काही सवलती आहेत. तिकीट लावलंत किंवा पूर्ण स्पर्धा यूट्यूबवर टाकलीत की ते चित्र बदलतं. यूट्यूबवर तर सिनेमाच्या गाण्याचा आवाजच बंद होऊन बसतो. तिकीट लावणार असाल तर आधी वकिलाला विचारा. मुलांचे व्हिडिओ टाकण्याआधी पालकांची लेखी संमती प्रवेशिकेतच घ्या.

बक्षिसांच्या रकमेत पहिल्याला पंचवीस हजार आणि दुसऱ्याला पाच असं अंतर ठेवू नका. एकाच मोठ्या रकमेने बाहेरगावचे बक्षिसावर डोळा ठेवून फिरणारे गट येतात आणि गावची पोरं पुढच्या वर्षी नाव देत नाहीत. तेवढ्याच पैशांत प्रत्येक विभागाला तीन क्रमांक आणि दोन उत्तेजनार्थ बसतात. ढोलकी, तारपा, गायन अशा साथीलाही एक बक्षीस असू द्या.

निकाल जाहीर करण्याच्या आधी सगळ्या परीक्षकांचे क्रमांक एका तक्त्यावर लिहा आणि निकालाबरोबर तो तक्ता मांडवाच्या खांबाला लावा. नावं नकोत, परीक्षक १, २, ३ एवढंच. प्रत्येक स्पर्धकाला परीक्षकांनी लिहिलेल्या दोन ओळींची चिठ्ठी मिळू द्या: एक काय जमलं, एक पुढे काय करायचं. हरकत घ्यायला अर्धा तास, लेखी, आणि फक्त तीन कारणांसाठी: बेरीज चुकली, वेळ चुकीची मोजली, वयोगट चुकला. ‘आमचा नाच त्यांच्यापेक्षा चांगला होता’ ही हरकत स्वीकारायची नाही, पण ती घेऊन आलेल्या माणसाला परीक्षकांच्या खोलीकडे न जाऊ देता चहाच्या टेबलाकडे वळवणारा एक थोराड, शांत कार्यकर्ता नेमून ठेवा.